नंबर नसलेली जागा

तंबूच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि मी वाळक्या काटक्या जाडीप्रमाणे वेगळ्या करत बसलो होतो, तेवढ्यात खालच्या कच्च्या रस्त्यावरून गाडीचा आवाज आला. ऑक्टोबर अर्धा सरलेला, सूर्य धारेआड जायला अर्धा तास असेल. जुना पिकअप ट्रक, चाकांवरचा पत्रा गंजून त्याची जाळी झालेली. आमच्यासमोर येऊन थांबला, पण इंजिन चालूच राहिलं. आत सत्तरी ओलांडलेला एक माणूस, आणि शेजारच्या सीटवर डॅशबोर्डला पाय लावून उभा असलेला कुत्रा. माणसानं काच खाली केली आणि आमच्याकडे बघायच्या आधी मान वर करून आमच्या तंबूवरची झाडं बघितली, एकेक करून, सावकाश. मग हात वर करून म्हणाला, "चांगली जागा आहे. माझे वडील मला इथेच आणायचे, हरणांच्या शिकारीच्या सीझनला." मी म्हटलं, तुम्हाला इथे उतरायचं असेल तर आम्ही पुढे जातो, अजून उजेड आहे. त्यानं मान हलवली. "तुम्ही आधी आलात." वरच्या घळीत झरा कुठे आहे आणि तो भर उन्हाळ्यातही कसा आटत नाही, हे त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि गिअर टाकून पुढे गेला. वळणावर ट्रकचे लाल दिवे एकदा दिसले, तेवढेच.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आम्ही त्याला हाकललं नव्हतं, त्यानं कुरकुर केली नव्हती, नियमात तर आम्ही पक्के होतो. तरीही कोणाच्या तरी घरी जाऊन त्याच्या रोजच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटत राहिलं.

ही जागा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टमधली, मॅसानटनच्या लांबलचक डोंगररांगेतली. नेमकी कुठे ते सांगत नाही, तिथे नियमानं जाणारी माणसं एकमेकांनाही सहसा सांगत नाहीत. माझी लेक अशा मोकळ्या मुक्कामाला पहिल्यांदाच आली होती. तिचे आधीचे सगळे मुक्काम रीतसर कॅम्पग्राउंडवरचे: खांबावर नंबर, बाकांसकट टेबल, कोपऱ्यावर नळ, आणि फाटकापाशी पैशांचं पाकीट टाकायची लोखंडी नळी. इथे उतरल्याबरोबर तिनं ती नळी शोधली. "बाबा, पैसे कुठे टाकायचे?" म्हटलं, टाकायचे नाहीत. "मग जागा कोणाची आहे?" सगळ्यांची, म्हणजे तुझीसुद्धा. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं विचारलं, "पण मग आपण इथे आहोत हे कोणाला माहितीये?" कोणालाच नाही, हे खरं उत्तर होतं. निघताना घरी एका चिठ्ठीवर रस्त्याचा नंबर आणि परतायची वेळ लिहून ठेवली होती, तेवढी नोंद. फॉरेस्ट सर्व्हिसच्या कुठल्याही वहीत आमचं नाव नव्हतं. मला याच गोष्टीचं सुख वाटतं, आणि तिला त्याच गोष्टीची भीती वाटली होती. दोघांचंही बरोबर होतं.

डिस्पर्स्ड कॅम्पिंग असं याचं सरकारी नाव. नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत, जिथे मनाई लिहिलेली नाही अशा जवळपास कुठल्याही जागी तुम्ही पथारी टाकू शकता. बहुतेक फॉरेस्टांत एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस. गाडी कुठवर न्यायची ते एका कृष्णधवल, दिसायला अगदी रुक्ष नकाशावर छापलेलं असतं, मोटर व्हेईकल यूज मॅप, तो फुकट मिळतो. बाकी सगळं तुमच्यावर. फॉरेस्ट सर्व्हिसकडे देशभरात सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. पश्चिमेकडच्या उघड्या माळांवर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या दुसऱ्या सरकारी खात्याची २४ कोटी एकरांहून जास्त, ती वेगळीच. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते खरे वाटेनात. एवढी जमीन, आणि तिच्यावर झोपायला बहुतेक ठिकाणी कोणाचीही परवानगी लागत नाही.

कॉलेजात असताना सह्याद्रीत पुष्कळ भटकलो होतो, त्यामुळे डोंगरात उघड्यावर झोपणं नवीन नव्हतं. पण गडावरचा मुक्काम म्हणजे देवळाची ओसरी नाहीतर गुहा, टाक्यातलं पाणी, आणि खाली वाडीतले दिवे. आपण वर झोपलो तरी माणसं हाकेच्या टप्प्यात असायची, आणि पायाखालचा प्रत्येक दगड कोणीतरी घडवलेला. इथे आल्यावर सुरुवातीची काही वर्षं मी या जंगलाकडे त्याच्या उलट नजरेनं बघत होतो: इथे कोणी नव्हतंच, हे सगळं आपोआप वाढलंय, आपण आलो नसतो तरी असंच असतं.

हा समज मोडायला तंबूची एक खुंटी पुरते. सकाळी आवराआवर करताना लेकीनं खुंट्या उपटल्या तर प्रत्येकीच्या टोकाला काजळीसारखी काळी माती. तीस-चाळीस पावलांवर, जिथे मी आदल्या संध्याकाळी खड्डा खणला होता, तिथली माती पिवळट तांबूस होती, दगडगोट्यांनी भरलेली. इथे मात्र पाचोळा बाजूला केला की भुसभुशीत काळं, आणि त्यात कोळशाचे तुकडे, काही नखाएवढे, काही बोटाएवढे. त्यांवर लाकडाच्या वर्षांच्या रेषासुद्धा अजून दिसत होत्या. तिनं एक तुकडा उचलून तळहातावर रेघ ओढली, ठसठशीत उमटली. डोंगराच्या तीव्र उतारावर मधूनच अशी गोल, सपाट, पस्तीस-चाळीस फुटांची जागा का असावी, याचं उत्तर त्या रेघेत होतं. हा कोळसा पाडायचा ओटा. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांत लोखंडाच्या भट्ट्या होत्या, एलिझाबेथ फर्नेस, कॅथरीन फर्नेस, त्यांचे दगडी बुरूज आजही उभे आहेत. मोठ्या भट्टीला दिवसाला एकरभर जंगलाचा कोळसा लागे. उतार खणून असे ओटे करायचे, त्यावर ओंडके उभे रचायचे, पाचोळा आणि माती लिंपून वारा जेमतेम आत जाईल एवढंच तोंड ठेवायचं आणि आठवडा-दोन आठवडे ते धुमसत ठेवायचं. कोळसा पाडणारा शेजारी झोपडी करून राहायचा, आणि त्याला सलग झोप नसायची. रात्री कुठे माती खचून ज्वाळा फुटली तर सगळ्या कष्टाची राख. व्हर्जिनियातल्या या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत गुलामगिरीतली काळी माणसं मोठ्या संख्येनं होती. ज्या सपाटीवर आम्ही सुखानं पाठ टेकली, ती कदाचित अशाच कोणी खणली असेल, ज्याला तिथे रात्रभर डोळा लावायची मुभा नव्हती.

ते कळल्यावर मला त्या जागेचा राग आला नाही, की तिथे यावंसं वाटेनासंही झालं नाही. पण पाठ टेकताना एक गोष्ट जास्त माहीत असते.

पुढची गोष्टही फार जुनी नाही. तोडून, जाळून, धुपवून झालेले हे डोंगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणाला नकोसे झाले होते. पावसाळी पूर खाली गावांत घुसत होते. १९११ साली वीक्स अ‍ॅक्ट आला आणि नद्यांची उगमस्थानं राखण्यासाठी पूर्वेकडची अशी उजाड जमीन विकत घ्यायचा अधिकार सरकारला मिळाला. पश्चिमेकडचं बरंचसं जंगल आधीपासूनच सरकारच्या ताब्यात होतं, इकडे मात्र ते तुकड्या-तुकड्यांनी जोडत आणावं लागलं. १९१८ मध्ये शेनँडोआ नॅशनल फॉरेस्ट जाहीर झालं, १९३२ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. १९३३ च्या वसंतात, मंदीच्या ऐन तडाख्यात, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरची देशातली पहिली छावणी याच फॉरेस्टात पडली, कॅम्प रूझवेल्ट. बेकार पोरं, महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी जायचे. त्यांनी झाडं लावली, रस्ते काढले, आगी विझवल्या. आज ज्याला आपण रान म्हणतो ते असं वाढवलेलं रान आहे. माझ्या मते हे या देशानं केलेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही.

त्या माणसानं आधी झाडं का बघितली, तेही सांगायला हवं. इथे अस्वलापेक्षा मेलेल्या झाडाची भीती जास्त खरी. रात्री वारा नसतानाही एखादी वाळकी फांदी सुटते आणि तिचा आवाज ऐकल्यावर पुढचा तासभर डोळा लागत नाही. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेला, पाठीवर हिरवी चकाकी असलेला एक भुंगेरा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, आता जवळजवळ सगळ्या पूर्वेकडे पोचला आहे, आणि ॲशची झाडं साल सुटून पांढुरकी होत उभ्या उभ्या मरतायत. म्हणूनच जळण घरून आणू नका, जिथे जाळायचं तिथलंच पडलेलं घ्या, असं जागोजागी लिहिलेलं असतं. सरपणाच्या आतून किडे शेकडो मैल प्रवास करतात. ओढ्याकाठचे हेमलॉक, सुईसारख्या पानांचे सदाहरित वृक्ष, दुसऱ्या एका किडीनं खाल्ले. ती पूर्वेत पहिल्यांदा दिसली १९५१ मध्ये, याच व्हर्जिनियात, रिचमंडजवळ. आणि चेस्टनट. एकेकाळी या डोंगरांवरचं राजेशाही झाड, १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावरचा रोग सापडला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत अब्जावधी झाडं गेली. पण मुळं मेलेली नाहीत. आमच्या तंबूपासून थोडं वर, जुन्या बुंध्यातून मनगटाएवढे तीन कोंब फुटले होते, लांबट दातेरी पानं पिवळी पडलेली. असे कोंब पंधरा-वीस फूट वाढतात, मग साल तडकते, रोग लागतो, ते मरतात, आणि मुळातून पुन्हा नवे फुटतात. शंभर वर्षं हेच चाललं आहे. मी ते झाड लेकीला दाखवलं, तिनं पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मला आणखी काही सांगायचं होतं, पण घशात काहीतरी आलं म्हणून राहिलं.

रात्रीबद्दल लोक नेहमी विचारतात, भीती वाटत नाही का. वाटते. पण रात्र ही एकच गोष्ट नसते. आधी ओढ्याच्या खोलगट भागातून गारवा येतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून सरकत तळाशी साठते, म्हणून पाण्याच्या अगदी काठाशी मुक्काम करणारा पहाटे कुडकुडतो आणि त्याचा तंबू आतून ओला होतो. अर्ध्या उतारावरची सपाटी उबदार राहते. मग ओकची फळं पडायला लागतात. ऑक्टोबरात चेस्टनट ओकखाली झोपणं म्हणजे रात्रभर तंबूच्या कापडावर थाडकन काहीतरी आपटत राहणं. पहिल्या दहा वेळा दचकायला होतं, मग त्या आवाजाशिवाय शांतता अपुरी वाटते. पश्चिमेला वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या डोंगरांत मुक्काम केला तर आणखी एक गोष्ट नसते, मोबाईलचा सिग्नल. तो भाग १९५८ पासून नॅशनल रेडिओ क्वायट झोनमध्ये आहे, ग्रीन बँक गावातल्या रेडिओ दुर्बिणींसाठी सुमारे १३,००० चौरस मैलांत रेडिओ लहरींवर बंधनं आहेत. तिथे एकदा शेकोटीपाशी बसलो असताना हात चारदा खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला, त्यानंतर मात्र गेला नाही. त्या संध्याकाळचे ताऱ्यांचे पुंजके मला अजून जागेवारी आठवतात.

आणि अस्वल. इथली काळी अस्वलं माणसाच्या वाटेला जात नाहीत, त्यांना हवं असतं आपलं जेवण, आणि टूथपेस्टसुद्धा त्यांच्या हिशेबी जेवणच. वासाची प्रत्येक वस्तू तंबूपासून लांब, उंच फांदीवर टांगायची किंवा जाड डब्यात बंद करायची. एका माणसाच्या आळसामुळे माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढच्या दहा माणसांच्या तंबूत नाक खुपसतं, आणि शेवटी जीव जातो तो अस्वलाचाच.

मोकळ्या मुक्कामाचे बाकी नियमही याच जातीचे आहेत. तुमच्यावर नजर ठेवायला कोणी नसतं, आणि ज्याच्यासाठी ते पाळायचे तो माणूस अजून आलेला नसतो. पाण्यापासून दोनशे फूट लांब राहायचं. तेवढ्याच अंतरावर, वाटेपासूनही दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणून तिथे शौचाला बसायचं आणि माती सारखी करायची, कागद पिशवीतून परत न्यायचा. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या भीतीनं गाळायचं किंवा एक मिनिट खळखळ उकळायचं. शेकोटीवर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग उलटा हात राखेत ठेवून बघायचा. ठेववत नसेल तर ती विझलेली नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेर व्हर्जिनियात रानापासून तीनशे फुटांच्या आत दुपारी चारच्या आधी उघडी आग पेटवायलाच बंदी असते, कारण तेव्हा झाडांना पानं नसतात, ऊन थेट पाचोळ्यावर पडतं आणि वारा असतो. हे सगळं करून सकाळी निघताना मागे वळून बघितलं तर तिथे काही दिसता कामा नये. मला या कामात एक वेगळाच आनंद मिळतो. दाबलं गेलेलं गवत बोटांनी उभं करायचं, पाचोळा परत पसरायचा, दगड काळी बाजू खाली करून ठेवायचा. रविवारच्या गडबडीत ती पंधरा मिनिटं मी कोणालाही देत नाही.

म्हणूनच ज्यांना हे जमत नाही त्यांचा मला मनापासून राग येतो. ओल्या झाडावर कुऱ्हाडीचे घाव, खोडात खिळे, शेकोटीच्या राखेत वितळलेले कॅन, झुडपाआड फडफडणारे पांढरे कागद. २०२० नंतर गर्दी वाढली, हे इथे येणारा कोणीही सांगेल. मी अधूनमधून सफाईला जाणाऱ्यांबरोबर जातो. एका सपाटीवर चार-पाच शेकोट्यांची दगडी कडी असली तर आम्ही एक ठेवून बाकीची मोडतो. एकही ठेवलं नाही तर पुढचा माणूस नव्या जागी नवं रचतो, हे अनुभवानं शिकलेलं शहाणपण. दगड उचलून लांब नेताना हात काळे होतात, पाठ भरून येते, आणि राग मात्र कमी होतो.

आता हक्काचं. पिकअपवाल्या माणसाचे वडील त्याला तिथे आणायचे. त्यांच्या आधी ओटा खणणारा होता. त्याच्या कितीतरी आधी या डोंगरांत शिकार करणारी, वाटा पाडणारी माणसं होती. ब्लू रिज डोंगरांच्या बाजूच्या मोनॅकन या मूळ रहिवासी लोकांना केंद्र सरकारनं अधिकृत मान्यता दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे कालपरवा. या रांगेत मी सगळ्यात शेवटी उभा आहे, समुद्रापलीकडून आलेला, आणि कायद्यानं माझा हक्क त्यांच्यातल्या कोणाहीपेक्षा तसूभरही कमी नाही. मला हे अजूनही पूर्ण पचलेलं नाही. यात अन्यायही आहे आणि विलक्षण औदार्यही आहे, दोन्ही एकाच जमिनीवर. त्या माणसाकडे रागवायला कारण होतं, निदान खट्टू व्हायला तरी. त्यानं त्याऐवजी झऱ्याचा पत्ता दिला.

कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूट गावाच्या आसपासच्या खोऱ्यांत गर्दीमुळे मोकळा मुक्काम बंद करून खांब ठोकलेल्या ठरावीक जागा नेमून दिल्या आहेत. माझ्या एका मित्राला वाटतं इकडेही तसंच करावं, नंबर द्यावेत, ऑनलाइन बुकिंग ठेवावं, म्हणजे घाण करणारा सापडेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, काही जागांची अवस्था बघितली की मलाही तसं वाटून जातं. तरी मी त्याच्याशी सहमत नाही. खराब झालेली जागा ओंडके आडवे टाकून चार-पाच वर्षं बंद ठेवावी, पण तिला नंबर देऊ नये. खांबावर नंबर असता तर त्या संध्याकाळी फक्त कागद बघितला गेला असता, बुकिंग माझं की त्याचं. मी त्याला जागा देऊ करू शकलो नसतो, आणि त्याला ती नाकारून मला देता आली नसती. मित्राला हे भाबडं वाटतं. पुढच्या महिन्यात तो आमच्याबरोबर यायचा आहे. त्याला नकाशा पाठवला आहे, जागा सांगितलेली नाही. ती त्यानंच शोधायची, त्यात शनिवारचा अख्खा दिवस गेला तरी चालेल.